वीज गेल्यावर : घरच्या इन्व्हर्टरचा हिशेब



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून वेदान्तापासून विश्वरचनेपर्यंत सर्व विषयांवर व्याख्याने होत असतात. त्या पंक्तीत घराच्या कोपऱ्यात घुरघुरणाऱ्या एका पेटीला पाट मांडावयाचा, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु हा विषय आम्ही मुद्दाम निवडला आहे. वैशाखाचा उकाडा आहे, घरात तान्हे मूल आहे आणि रात्री अकराला लाईट गेली आहे, अशा वेळी कोणत्याही घराला तत्त्वज्ञान सुचत नाही. दुसऱ्या दिवशी घरातला कर्ता माणूस दुकानात जातो आणि "एक इन्व्हर्टर द्या" म्हणतो. दुकानदार विचारतो, "केवढा?" येथे तो माणूस गप्प होतो, आणि त्याच्या वतीने दुकानदारच उत्तर देतो. त्या उत्तराची किंमत पुढे पाच-सहा वर्षे ते घर मोजत राहते.

आम्ही कामगार संघटनेचे काम करणारी माणसे. शाळा आमची लवकर सुटली. जे काही शिकलो ते कारखान्यातल्या जाणत्या वायरमनच्या शेजारी बसून आणि सार्वजनिक वाचनालयातली पुस्तके चाळून. ह्या कामात एक गोष्ट आम्हांला पक्की कळली. पगाराची चिठ्ठी ज्याला वाचता येते, त्याचा तास सहसा कोणी चोरीत नाही. मूळ पगार किती, कपात कशाची, जादा कामाचे तास किती धरले, हे ज्याला ठाऊक असते त्याच्याशी हिशेबाचा कारकूनही जपून बोलतो. विजेची वस्तू विकत घेणाराचेही तसेच आहे. म्हणून आज सांगावयाचे ते मुख्यतः एवढेच की, इन्व्हर्टर दुकानात निवडावयाचा नसतो. तो घरी बसून, कागद-पेन्सील घेऊन निवडावयाचा असतो. दुकानात जावयाचे ते आपला आकडा सांगण्यासाठी.

प्रथम ही पेटी करते काय ते पाहू. ती वीज निर्माण करीत नाही. आपल्या घरी येणारी वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० वेळा मागेपुढे हेलकावे खाणारी असते. बॅटरीत मात्र एकाच दिशेने वाहणारी वीज साठते. लाईट असते तेव्हा ही पेटी बाहेरची वीज एकदिशेची करून बॅटरी भरते. लाईट गेली की बॅटरीतली १२ व्होल्टची वीज पुन्हा हेलकाव्याची आणि २३० व्होल्टची करून आपल्या पंख्याकडे पाठवते. म्हणजे ही कणगी आहे, शेत नव्हे. शिवाय कणगीत धान्य भरताना आणि काढताना थोडे सांडतेच. भरताना काही वीज उष्णतेत जाते, काढताना काही जाते. आणि शेवटी शिशाच्या बॅटरीवरून एक युनिट वापरावयास मिळाले तर त्यासाठी मीटरवर दीड ते दोन युनिटे पडलेली असतात. इन्व्हर्टरने बिल कमी होते असे कोणी सांगू लागला तर त्यास दुरूनच नमस्कार करावा.

आता मापे. येथे तीन शब्द आहेत आणि सारा घोटाळा ह्या तिन्हींच्या सरमिसळीतून होतो.

पहिले माप वॅट. एखादे उपकरण ह्या क्षणी किती वीज ओढते, ते वॅट सांगते. नळाची तोटी किती उघडली आहे, ह्यासारखे ते समजावे. दुसरे माप वॅट-तास. तोटी किती वेळ उघडी होती आणि एकंदर किती पाणी गेले, ते हे माप सांगते. ७५ वॅटचा पंखा चार तास चालला तर ३०० वॅट-तास खर्च झाले. असे १,००० वॅट-तास म्हणजे आपल्या बिलातले एक युनिट. तिसरे माप व्होल्ट-अँपिअर, दुकानाच्या भाषेत व्हीए. इन्व्हर्टरच्या पेटीवर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा बहुधा हाच असतो. गाईची धार काढताना चरवीत दुधाबरोबर फेसही चढतो. चरवी दोहोंना पुरेल एवढी मोठी घ्यावी लागते, परंतु पोटात जाते ते दूध. तसे व्हीए म्हणजे फेसासकट माप आणि वॅट म्हणजे निव्वळ दूध. घरगुती इन्व्हर्टरच्या बाबतीत व्हीएचा आकडा साधारण ०.८ ने गुणला म्हणजे वॅट मिळतात; कित्येक पेट्यांत त्याहूनही कमी मिळतात. म्हणून ९०० व्हीएची पेटी म्हणजे ९०० वॅट नव्हेत, फार तर ७०० च्या आसपास. नेमका वॅटचा आकडा माहितीपत्रकात बारीक अक्षरात दिलेला असतो; तो वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत.

ह्यातून लक्षात ठेवावयाची गोष्ट अशी : पेटीचा आकडा हा 'एका वेळी किती उपकरणे' ह्याचे उत्तर देतो, आणि बॅटरीचा आकडा हा 'किती वेळ' ह्याचे. मोठी पेटी आणि लहान बॅटरी घेतली तर मोठा नळ आणि लहान पिंप अशी गत होते. "आमचा इन्व्हर्टर मोठा आहे, तरी दोन तासांत बसतो," अशी तक्रार करणाऱ्या घरात बहुधा हाच प्रकार असतो.

बॅटरीचे माप अँपिअर-तासांत सांगतात. बोलताना लोक त्याला 'एएच' म्हणतात. त्याला १२ व्होल्टने गुणले की वॅट-तास निघतात. १५० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १५० गुणिले १२, एकूण १,८०० वॅट-तास. परंतु हे सगळे १,८०० आपल्या पदरात पडत नाहीत. शिशाची बॅटरी पार तळापर्यंत रिकामी केली तर तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून शंभरातले सत्तरच वापरावे हे बरे. त्या सत्तरातले सुमारे वीस टक्के पेटीतच खर्च होतात. म्हणजे छापलेल्या शंभरातले हाती आले छप्पन्न. १,८०० चे झाले सुमारे १,००० वॅट-तास. आमची विनंती आहे की हा छप्पन्नाचा आकडा घरातल्या दिनदर्शिकेच्या मागे लिहून ठेवावा. आणखी एक खोच आहे. १५० हा आकडा साधारणपणे बॅटरी वीस तासांत सावकाश रिकामी केली, म्हणजे साडेसात अँपिअरने वापरली, तर मिळतो. घाईने ओढली तर तीच बॅटरी कमी देते. बैलाला रमतगमत चालविला तर तो दहा कोस जातो, पळविला तर पाच कोसांवरच बसतो, तसे हे आहे.

आता प्रत्यक्ष एका घराचा हिशेब करू. इचलकरंजीसारख्या यंत्रमागाच्या गावातले तीन खोल्यांचे घर धरा. आई-बाप, आजी आणि दोन शाळकरी मुले. लाईट जाते ती संध्याकाळी सुमारे तीन तास. ह्या तीन तासांत घराला खरोखर काय लागते? जुन्या बांधणीचे दोन पंखे, प्रत्येकी ७५ वॅट. तीन एलईडी ट्यूब, प्रत्येकी २० वॅट. मुलांच्या अभ्यासासाठी इंटरनेटची डबी, १० वॅट. आणि आजीची मालिका तासभर, दूरदर्शन संच ६० वॅट. एका वेळी सर्व चालू धरले तर १५० अधिक ६० अधिक १० अधिक ६०, एकूण २८० वॅट. फेसासाठी ०.८ ने भागले तर ३५० व्हीए. पाहुणा आला, तिसरा पंखा लागला, ह्यासाठी पुष्कळ जागा ठेवली तरी ६०० ते ७०० व्हीएची पेटी ह्या घराला पुरून उरते. दुकानात मात्र ह्याच घराला त्याच्या दुपटीचा आकडा सुचविला जातो, आणि तो मुकाट्याने घेतलाही जातो.

आता वेळेचा हिशेब. पंखे १५० वॅट गुणिले तीन तास म्हणजे ४५०, ट्यूब ६० गुणिले तीन म्हणजे १८०, इंटरनेट ३०, दूरदर्शन एक तास ६०. एकूण ७२० वॅट-तास. शंभराचे छप्पन्न ह्या प्रमाणाने उलटे गेलो तर बॅटरीत सुमारे १,२९० वॅट-तास हवेत, म्हणजे १०७ अँपिअर-तास. बॅटरी जशी जुनी होते तशी तिची धारणशक्ती कमी होत जाते, म्हणून वर थोडे राखून १५० ची घेणे शहाणपणाचे. हा झाला सरळ हिशेब.

पण ह्याच कागदाकडे पुन्हा एकदा पाहा. ७२० पैकी ४५०, म्हणजे निम्म्याहून जास्त वीज, दोन जुने पंखे खातात. आज बाजारात बीएलडीसी नावाचे पंखे मिळतात. तेवढाच वारा ते ३० वॅटच्या आसपास देतात. दोन पंखे बदलले तर ४५० चे १८० झाले, एकूण खर्च ४५० वर आला, आणि लागणारी बॅटरी सुमारे ६७ अँपिअर-तासांची झाली. १५० च्या जागी १०० ची बॅटरी ह्या घराला राखीव धरून पुरली. पंख्याला जे पैसे गेले ते बॅटरीत वाचले. शिवाय बॅटरी काही वर्षांनी पुन्हा घ्यावी लागते, आणि पंख्याची बचत लाईट असतानाही रोज मीटरवर दिसते. म्हणून इन्व्हर्टर घ्यावयास निघालेल्या माणसाने आधी आपले पंखे आणि दिवे पाहावे.

काही उपकरणे इन्व्हर्टरवर घेऊच नयेत. इस्त्री, गीझर, शेगडी आणि एक अश्वशक्तीचा पाण्याचा पंप ही सारी खादाड मंडळी. गीझर एकटा २,००० वॅट ओढतो. आपल्या घराची सगळी रात्र तो अर्ध्या तासात संपवील. मिक्सरही ५०० ते ७५० वॅटचा असतो. चटणी दिवाबत्तीपूर्वी वाटून ठेवावी. फ्रिजचा मोह पुष्कळांना होतो. चालताना तो फारसे ओढीत नसला तरी सुरू होताना क्षणभर कित्येक पट ओढतो, आणि त्या झटक्याने लहान पेटी बंद पडते. दार न उघडता ठेवला तर फ्रिज साधारण चार तास थंड राहतो. तेव्हा दोन-तीन तासांच्या खंडासाठी त्याला इन्व्हर्टरची गरजच नाही. घरच्यांना दार न उघडण्याची सवय लावली की काम भागते.

पेटी निवडताना दुसरा प्रश्न लाटेचा. स्वस्त पेटीतली वीज चौकोनी लाटेची असते, महागातली गुळगुळीत लाटेची. तिला साइन वेव्ह म्हणतात. महावितरणाकडून येणारी वीज गुळगुळीत लाटेचीच असते. चौकोनी लाटेवर साधा पंखा घुमतो, त्याचे वेटोळे तापते, आणि संगणक, वैद्यकीय यंत्रे अशांना ती मानवत नाही. दोहोंच्या किमतीतला फरक एकदाच द्यावा लागतो. म्हणून साइन वेव्हच घ्यावी असे आमचे स्पष्ट मत आहे. ज्यांच्या घरी संगणकावर काम चालते त्यांनी पेटीला 'यूपीएस' असे वेगळे बटण आहे की नाही तेही पाहावे. त्यावर ठेवले म्हणजे बदल इतक्या झटपट होतो की संगणक बंद पडत नाही. आणि चार्जिंगचा प्रवाह किती, हे विचारावयास विसरू नये. शिशाची बॅटरी तिच्या आकड्याच्या सुमारे दहाव्या हिश्शाने भरावी, १५० ची असेल तर १५ अँपिअरने. म्हणजे रिकामी बॅटरी भरावयास दहा-बारा तास लागतात. ज्या गावात सकाळी चार तास आणि संध्याकाळी चार तास लाईट जाते, तेथे संध्याकाळच्या पाळीला बॅटरी अर्धीमुर्धीच भरलेली सापडणार, हे हिशेबात धरले पाहिजे.

आता बॅटरीच्या जाती. शिशाच्या बॅटरीचा शोध गास्तों प्लांते ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली लावला. शिशाच्या पट्ट्या आणि पाणी मिसळलेले गंधकाम्ल ही तिची मूळ मांडणी आजही तीच आहे. सपाट पट्ट्यांची बॅटरी स्वस्त. जेथे लाईट क्वचित आणि थोडा वेळ जाते तेथे ती चालते. नळीच्या बांधणीची, म्हणजे ट्यूब्युलर बॅटरी महाग. परंतु रोजच्या लांब खंडाला तीच टिकते, आणि नीट सांभाळली तर पाच-सहा वर्षे जाते. बंद डब्याच्या बॅटरीत पाणी घालावे लागत नाही, पण उकाडा तिला सोसत नाही. अलीकडे लिथियम फॉस्फेटची बॅटरी आली आहे. ती हलकी, लवकर भरणारी, शंभरातले ऐंशी-नव्वद वापरू देणारी आणि पुष्कळ जास्त वेळा भरता-रिकामी करता येणारी. मात्र सुरुवातीची किंमत बरीच पडते, आणि शिशाच्या बॅटरीसाठी बनविलेल्या पेटीला ती सरसकट जोडता येत नाही. भरण्याची पद्धत वेगळी असते. लाईट रोज जात असेल आणि पैसा हाताशी असेल तर तिचा विचार करावा. महिन्यातून दोनदा जात असेल तर ती चैन आहे.

खरेदी करताना बॅटरीवरचा बनावटीचा महिना वाचावा. भरलेली शिशाची बॅटरी दुकानाच्या फळीवर महिनोन्महिने पडली तर आतल्या आत खराब होते. हमीपत्र वाचताना दोन मुदती वेगळ्या कराव्या : किती महिने बॅटरी फुकट बदलून मिळणार, आणि त्यापुढे किती महिने केवळ काही टक्के सूट मिळणार. जाहिरातीत ह्या दोहोंची बेरीज सांगतात. आम्ही करार वाचणारी माणसे. 'पाच वर्षांची हमी' ह्या शब्दांखाली काय दडलेले असते ते आम्हांला चांगले ठाऊक आहे.

येथवर रोजच्या भारनियमनाचा विचार झाला. परंतु वीज जाण्याचे प्रकार अनेक असतात. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली, ती कित्येक भागांत काही तासांत परत आली. अशा वेळी साधा इन्व्हर्टर पुरे. त्याच वर्षी ३ जूनला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, खांब आडवे झाले, आणि कोकणातली कित्येक गावे पुढे अनेक दिवस अंधारात राहिली. २०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात कोल्हापूर-सांगलीकडेही तसेच झाले. कणगी भरावयास शेतच नसेल तर कणगी दुसऱ्या दिवशी रिकामी. अशा गावांनी इन्व्हर्टरबरोबरच भरून ठेवावयाचे कंदील आणि फोनसाठी सौर पट्टी ह्यांची तजवीज ठेवावी. आणि पुराचे पाणी जेथे येते तेथे बॅटरी जमिनीवर न ठेवता उंच ओट्यावर ठेवावी.

ज्या घरात रुग्ण आहे तेथे तर हिशेबात चूक चालतच नाही. २०२१ च्या साथीत पुष्कळ घरांत प्राणवायूचे यंत्र आले. पाच लिटरचे असे यंत्र सुमारे ३५० वॅट ओढते. १५० अँपिअर-तासांच्या नव्या बॅटरीतून हाती येणारे १,००० वॅट-तास त्याला तीन तासही पुरत नाहीत. घाईने ओढली की बॅटरी कमी देते हे लक्षात घेतले तर त्याहूनही कमी. आठ तासांची सोय करावयाची तर १५० च्या तीन बॅटऱ्या लागतील. "इन्व्हर्टर आहे, आता काळजी नाही," ह्या समजुतीवर अशा घराने झोपू नये. साइन वेव्हची पेटी, तिच्यावर फक्त ते यंत्र आणि एक दिवा, आणि शेजारी भरलेला प्राणवायूचा सिलिंडर, एवढे असले पाहिजे. आणि सिलिंडर किती वेळ पुरेल ते डॉक्टरांना आधीच विचारून भिंतीवर लिहून ठेवले पाहिजे.

आता आमच्या मनाला सर्वांत जवळची गोष्ट. छपरावर सौर पट्ट्या बसविणारांची संख्या वाढत आहे; २०२४ च्या फेब्रुवारीत केंद्र सरकारने त्यासाठी 'पीएम सूर्यघर' योजना सुरू केली. पुष्कळांची समजूत अशी की, पट्ट्या बसल्या म्हणजे लाईट गेली तरी दिवसा घर चालणार. परंतु बॅटरीविना, केवळ कंपनीच्या तारांना जोडलेली सौर पट्टी लाईट गेल्याबरोबर आपोआप बंद होते. हा तिचा दोष नव्हे. ती मुद्दाम तशी बनविलेली असते. का? कारण खांबावर माणूस चढलेला असतो.

वाहिनी बंद आहे अशा समजुतीने लाईनमन तारेला हात घालतो. त्या वेळी एखाद्या घरातून वीज उलटी तारेत शिरली तर रोहित्रातून जाऊन तीच २३० व्होल्टची वीज ११,००० व्होल्टची होऊन त्याच्यापर्यंत पोहोचू शकते. जनित्र भाड्याने आणून, दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून, ती भिंतीतल्या प्लगमध्ये खुपसण्याचा उद्योग लग्नसराईत आणि वादळानंतर काही लोक करतात. असे करणे म्हणजे न पाहिलेल्या माणसावर बंदूक रोखणे आहे. त्या माणसाच्या घरीही बायकामुले वाट पाहत असतात. आणि तो आपल्याच घरची लाईट आणण्यासाठी पावसात खांबावर चढलेला असतो. म्हणून इन्व्हर्टर, जनित्र, सौर पट्टी, काहीही जोडावयाचे ते परवानाधारक वायरमनकडूनच. कंपनीची वीज आणि घरची वीज एकत्र येऊच शकणार नाहीत असा बदलाचा स्विच घालून. आणि अर्थिंग नीट करून.

हाच धोका घरातही आहे. मेन स्विच बंद केला म्हणून घरातली वीज मेली असे होत नाही. इन्व्हर्टर ती ताबडतोब जिवंत ठेवतो. घरात वायरिंगचे काम निघाले, पंखा उतरवावयाचा झाला, की मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करावा आणि काम करणाऱ्यास तसे तोंडाने सांगावे. हे एक वाक्य बोलावयास पैसा पडत नाही.

सांभाळणुकीचे नियम थोडे आहेत. बॅटरी भरताना तिच्यातून हायड्रोजन वायू निघतो, आणि तो पेट घेतो. म्हणून ती बंद कपाटात, पलंगाखाली किंवा देवघरातल्या समईजवळ ठेवू नये. वारा खेळेल अशा जागी ठेवावी. पाण्याची पातळी दर महिना-दोन महिन्यांनी पाहावी, आणि केवळ डिस्टिल्ड वॉटर घालावे. बोअरचे किंवा नळाचे नाही, आणि घरी बाटलीतले ॲसिड तर कधीच नाही. टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी आली तर पेटी बंद करून ती खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने पुसावी आणि वर व्हॅसलीनचा हात फिरवावा.

आणि शेवटी बॅटरी मरते. तेव्हा तिचे काय करावे? तिच्यात किलोंच्या हिशेबाने शिसे असते, आणि शिशाला भाव असतो. भंगारात गेलेली बॅटरी कोठेतरी वस्तीच्या मागे घणाने फोडतात, ॲसिड गटारात ओततात आणि उघड्या भट्टीत शिसे वितळवितात. हे काम करणाऱ्या मजुराच्या हाताला हातमोजा नसतो, तोंडाला फडके असले तर असते; आणि त्या धुराशेजारी त्याची मुले खेळत असतात. मुलांच्या मेंदूला शिशाची अमुक मात्रा निर्धोक, अशी मर्यादाच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी जुनी बॅटरी परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे. तेव्हा जुनी बॅटरी नवी घेतानाच अधिकृत दुकानात परत द्यावी आणि पावती घ्यावी. भंगारवाला शे-दोनशे रुपये जास्त देईल. ते पैसे कोणाच्या मुलाच्या रक्तातून आले असतात, ह्याचा विचार करावा.

मंडळी, इतका हिशेब सांगितल्यावर एक प्रश्न उरतो. इन्व्हर्टर घेतला म्हणजे वीज जाण्याचा प्रश्न सुटला काय? आमच्यापुरता सुटला, असे पुष्कळांना वाटते, आणि येथे आम्हांला भीती वाटते. एका चाळीत वीस बिऱ्हाडे आहेत. त्यांतल्या आठांनी इन्व्हर्टर घेतले. लाईट जाते तेव्हा त्या आठांच्या घरी पंखा फिरत राहतो आणि ते तक्रार करावयाचे थांबतात. उरलेल्या बारांत शिवणकाम करणारी बाई असते, रोजंदारीवरचा मजूर असतो, एकटे म्हातारे माणूस असते. तक्रार करण्याची ज्यांना उसंत आणि सवय होती तेच गप्प झाले, म्हणजे त्या बारांचा अंधार कायमचा होतो. संपात आधी पगार वाढलेल्याने बाहेर पडावे, तसाच हा प्रकार.

२००३ च्या विद्युत कायद्याने ग्राहकाला ह्यात रिकाम्या हाताने उभे केलेले नाही. वीज कंपनीने सेवेची ठरलेली मानके पाळली नाहीत तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद त्या कायद्याच्या ५७ व्या कलमात आहे. गाऱ्हाणे मांडावयास मंच आहे. परंतु मंचापुढे रड चालत नाही, नोंद लागते. म्हणून चाळीत किंवा सोसायटीत एक वही ठेवावी : तारीख, लाईट गेली ती वेळ, आली ती वेळ, तक्रारीचा क्रमांक. लिहिण्याचे काम इन्व्हर्टरवाल्याने घ्यावे. त्याच्याकडे दिवा असतो. जमल्यास जिन्यावरचे दिवे सर्वांनी मिळून एकाच लहान बॅटरीवर घ्यावेत. वीस बिऱ्हाडांत वाटला तर तो खर्च कोणाला जड नाही, आणि रात्री पायरी चुकून पडणारे म्हातारे माणूस वाचते.

घरी गेल्यावर आज रात्रीच एक कागद घ्यावा. वर आपल्या घरातली उपकरणे लिहावीत, समोर वॅट, त्यापुढे तास, खाली बेरीज. तो कागद झाला म्हणजे दुकानाची निम्मी खरेदी झाली. आणि त्याच कागदाच्या पाठीमागे, परवा लाईट किती वाजता गेली आणि किती वाजता आली, तेही लिहून ठेवावे. पुढची बाजू दुकानदाराला दाखवावी, मागची वीज कंपनीला.